ताप आलेले फूल

मामांचे घर नागपूरच्या सदरात आहे, असे आम्ही आमच्या गावी, खाप्याला, मोठ्या ऐटीने सांगत असू. खरे म्हणजे ते सदरच्या पाठीमागे होते. दुकानांची झगमग संपून जिथे घोड्यांचे तबेले आणि कवेलूंची, म्हणजे कौलांची, बसकी घरे सुरू होत, तिथे. पुढे ओसरी, मध्ये दोन खोल्या आणि मागे लांबट परस. परसाच्या एका कडेला न्हाणी, तिचे पाणी मुरे तिथे अळू आणि दोन केळी, आणि पलीकडच्या भिंतीशी मामींच्या गोवऱ्यांची उतरंड. पहाटे छावणीतला बिगुल ऐकू येई, मग शेजारच्या गणपतरावांच्या घोड्याचे खूर आपटणे, आणि मग मामींच्या जात्याची घरघर. त्या तीन आवाजांच्या मधल्या जागेत मी अभ्यास करीत असे. अजूनही पहाटे जाग आली की मी त्या क्रमाने ते आवाज शोधतो. आता मी प्रताप नगरात राहतो, तिथे फक्त दूधवाल्याची सायकल ऐकू येते.

मामा सदरातल्या एका मोठ्या कापडदुकानात कापड मोजून फाडण्याचे काम करीत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गज आणि कापड, कापड आणि गज. घरी बोलतानाही त्यांची दोन बोटे हवेत काहीतरी मोजत असत. मला ते विचारीत, "आज किती शिकला गा?" आणि दोन्ही हात असे फैलावीत की जणू माझ्या विद्येचा पन्हा पाहायचा आहे. माझे वडील खाप्याला हळद-मिरचीचे छोटेसे दुकान चालवीत. आमच्या घराण्यात कॉलेजचे दार ओलांडणारा मी पहिलाच. मॅट्रिक झालो तेव्हा मामा स्वतः खाप्याला आले आणि वडिलांना म्हणाले, "वासूले माझ्याकडं द्या. माझ्या घरी एक खाट रिकामी हाय."

ती खाट बापूची होती. बापू मामांचा मुलगा, माझ्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठा. मी नागपूरला येण्याच्या आदल्या हिवाळ्यात तो गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, गेला. त्या काळी ज्यांनी नागपूर पाहिले, त्यांना वेगळे सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाही, त्यांच्यासाठी एवढेच लिहितो की तेव्हा माणसांच्या आधी उंदीर मरत. घरात मेलेला उंदीर सापडला, नुसता त्याचा वास जरी आला, तरी लोक भांडीकुंडी बांधून गावाबाहेर तट्ट्यांच्या झोपड्यांत राहायला जात. घराचे कवेलू उतरवून आत ऊन पाडीत, आणि साथ ओसरली की परत येत. त्या वर्षी शेजारी उंदीर पडला तेव्हा लग्नसराई होती, दुकानात गर्दी होती. मामा म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या, उद्या निघू. दुसऱ्या दिवशी निघाले. झोपडीत पोचल्यावर बापूच्या काखेत गाठ आली. त्या एका दिवसाबद्दल मामा कधी बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांच्या घरात 'उद्या' हा शब्द कुणी उच्चारीत नसे. मामीसुद्धा 'सकाळी' म्हणत.

मामींनी मला बापूच्या पाटावर बसवले, बापूच्या ताटात वाढले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेले पातळ वरण. मी पुस्तके ज्या फळीवर ठेवी, त्या फळीवर त्या दुसरे काहीही ठेवू देत नसत. आळीतल्या लोकांना मामांनी सांगून ठेवले होते की आमचा वासू सायन्स शिकून राहिला. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचा कागद, कुणाची तार, रेल्वेची पावती, सगळे माझ्यापुढे येई. मला त्यातले निम्मे कळत नसे, पण लोक इतक्या विश्वासाने उभे राहत की मी जिवाचा आटापिटा करून काहीतरी अर्थ लावी.

पहिले वर्ष संपून सुटी लागली, तेव्हा मी खाप्याला गेलो नाही. मामांची मुलगी यमुताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मामा दिवसभर दुकानात. घरात कुणीतरी धावपळीला हवे, म्हणून मी राहिलो. यमुताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, अंगाने बारीक, जिभेने तिखट. परसातल्या खाटेवर पाय लांब करून बसे, मीठ लावलेली कैरी खाई आणि मला म्हणे, "वासू, तुह्या सायन्समध्ये लिहिलं हाय का गा, पोरगा होईन का पोरगी?" मी म्हणे, अजून तिथपर्यंत शिकवले नाही. "मग फी कायची घेते मेले?" असे म्हणून ती हसे, आणि हसताना पोटाला हात लावी.

रोहिणी नक्षत्रातल्या दोन सरी पडून गेल्या होत्या. त्या दिवशी मामा दुकानातून आले आणि ओसरीच्या पायरीवरच थांबले. जोडेसुद्धा काढले नाहीत. नाक वर करून उभे राहिले. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो त्यांनी घेतला नाही.

"वास कायचा येऊन राहिला वं?"

मामींनी तांब्या खाली ठेवला. वास त्यांनाही आला होता, मलाही. दिवे लागायच्या वेळेपासून परसाकडून तो येत होता. आम्ही दोघेही एकमेकांना सांगायला धजलो नव्हतो. सडलेल्या मांसाचा, गोडसर, घशाला बिलगणारा वास. मेलेल्या उंदराचा वास आमच्या पिढीतल्या नागपूरकराला शिकवावा लागत नसे.

उन्हाळ्यात गाठीचा ताप येत नाही असे सगळे म्हणत. पण लोक काय म्हणतात यावर मामांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी कंदील लावला आणि आम्ही दोघांनी घर उपसले. धान्याच्या कणग्या सरकवल्या, माळ्यावर चढलो, न्हाणीच्या मोरीत काठी घातली. काही नाही. झोपेपर्यंत वास होताच. सकाळी उठलो तर तो नाहीसा झालेला. मामा दुकानात गेले, पण जाताना मला म्हणाले, "वासू, उंदीर सापडला पाहिजे गा. नाही सापडला तरी आज संध्याकाळी निंगाचं हाय. गणपतरावाले सांगून ठेव."

दिवसभर मी शोधले. भिंतीतली बिळे उकरली, न्हाणीच्या दगडी फरशा उचलल्या. गणपतरावांचा स्वतःचा टांगा होता आणि जीभ घोड्याच्या चाबकासारखी. ते कुंपणावरून माझी धडपड पाहत होते. म्हणाले, "मास्तर, उंदीर पुस्तकात निंगत नाय, बिळात निंगते!" मग लगेच आवाज उतरवून म्हणाले, "टांगा जोडून ठेवतो. पोरीले धक्का नाही लागू देणार. पण थांबू नका बावा. यावेळी थांबू नका."

पलीकडच्या घरातल्या दुबाइन काकीही येऊन गेल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, मूळचे उत्तरेकडचे. काकींचे निम्मे बोलणे हिंदी आणि निम्मे आमच्यासारखे. "भैया, मेरी नाक कभी धोखा नहीं खाती. चूहाच मेला हाय. एक नहीं, दस!" असे सांगून त्यांनी आपल्याही घरची बोचकी बांधायला घेतली.

दुपारी मामींनी ओसरीवर सामान काढून ठेवले. पिठाचा डबा, वळकट्या, बाळंतपणासाठी आणून ठेवलेला डिंक आणि खोबरे, जुन्या लुगड्यांची दुपटी. यमुताई त्यातल्याच एका बोचक्यावर जाऊन बसली. तिचे दिवस भरले होते. आज-उद्या, केव्हाही. आकाश भरून येत होते आणि गावाबाहेरच्या त्या झोपड्यांना छप्पर म्हणजे गवत. आदल्या साथीतले तट्टे एव्हाना कुजले असणार. ती कुणाकडे न पाहता म्हणाली, "मी नाही येत."

"काहून नाही येत?" मामी म्हणाल्या.

"बापू तिथं गेला. माह्यं लेकरू मी तिथं नाही होऊ देत."

मामी भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. नुसत्या दुपट्यांच्या घड्या उलगडत आणि पुन्हा घालत राहिल्या. मी तिथून उठून परसात आलो, कारण दुसरे काही सुचत नव्हते.

परसात ऊन रणरणत होते. मी उभा राहिलो आणि मला प्रथमच नीट जाणवले की वास अजूनही नाही. अजिबात नाही. काल दिवेलागणीला तो आला, सकाळी गेला. आता भर दुपारी, जेव्हा मेलेले जनावर सर्वांत जास्त घाण मारते, तेव्हा परसात फक्त अळूचा आणि ओल्या शेणाचा वास होता. उंदीर काही घड्याळ पाहून कुजत नाही. हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मी चोहीकडे पाहिले, जणू दुसराच कुणी तो बोलला असावा. वर्षभर मी वर्गात 'निरीक्षण' आणि 'अनुमान' हे शब्द घोकले होते. ते शब्द माझ्या मामांच्या परसात, माझ्या भीतीच्या कामी येतील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

मी न्हाणीच्या दगडावर बसून राहिलो. ऊन कलले. तबेल्यातून घोड्याला साज चढवल्याचा आवाज आला. मग, प्रकाश पिवळा व्हायला लागला तेव्हा, पहिला भपकारा आला. आणि त्याच्या पाठोपाठ माश्या. एरवी त्या वेळी माश्या निजायला जातात. या मात्र कामावर निघाल्यासारख्या माझ्या कानांवरून सरळ एका दिशेने गेल्या. काळे चकचकीत किडेही जात होते. सगळे गोवऱ्यांच्या उतरंडीमागे. मी धावत जाऊन गोवऱ्या उचलून फेकू लागलो. मामी ओरडल्या, "अरे, हात नको लावू, काठी घे!"

उंदीर नव्हता.

जे होते, ते मी आज इतक्या वर्षांनी नीट लिहू शकेन की नाही, कोण जाणे. भिंत आणि गोवऱ्या यांच्या मधल्या सांदीत, ओल्या मातीतून, एक मोठे पात्र वर आले होते. पितळी परातीएवढे रुंद, कडा चुणीदार, बाहेरून हिरवट मातकट ठिपक्यांचे आणि आतून जांभळे, वांग्यासारखे जांभळे. त्या पात्राच्या मध्यभागी एक गोलसर, सुरकुतलेला, काळसर जांभळा घुमट. त्याला पान नव्हते. फांदी नव्हती. देठही दिसत नव्हता. झाड नावाच्या गोष्टीत जे जे असायला हवे, त्यातले काही नव्हते, आणि तरी ते उगवले होते. जमिनीने तोंड उघडावे तसे. माश्या त्याच्यात उतरत होत्या. वास त्याच्यातूनच येत होता. एखादा शहाणा माणूस पळाला असता. मी गुडघ्यांवर बसलो. अशी गोष्ट या जगात असते आणि ती आपल्या न्हाणीच्या पाण्यावर वाढते, हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते वासाने नव्हते.

मामी मागे येऊन उभ्या राहिल्या. "चार दिवसांपासून कायतरी टोक वर आलं होतं," त्या पुटपुटल्या. "मले वाटलं टेकोडं हाय, कुत्र्याची छत्री. पावसानं उगवलं असंन." दुबाइन काकी कुंपण ओलांडून आल्या, पदर नाकाला लावलेला. त्यांनी एकवार पाहिले आणि पदर नाकावरून काढून डोक्यावर घेतला. "शंकरजी!" त्या म्हणाल्या. "अरे देखो, शाळुंका और पिंड! बेल आणा कोणी!" गणपतराव म्हणाले, "काकी, शंकराले असा वास येते का? ही मरीमाय होय. निंगा इथून."

मामी पुढे झाल्या. त्यांच्या मनात काय आले कुणास ठाऊक. बापू आजारी असताना त्याच्या कपाळावर ठेवीत असतील, तसा त्यांनी पालथा हात त्या घुमटावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा ओढून घेतला.

"अवं माय! याले ताप हाय!"

सगळे मागे सरले. मी हात लावला. खरोखर गरम होते. उन्हाने तापलेल्या दगडासारखे नाही. भिंतीची सावली तिथे केव्हाच पडली होती, माती गार होती. ते आतून गरम होते, माणसाचे अंग असते तसे, किंबहुना तापातल्या माणसाचे. झाडाला रक्त नसते हे मी परीक्षेत लिहिले होते.

त्याच वेळी मामा आले. सामान ओसरीवर, टांगा दारात, आणि सगळी माणसे परसात. त्यांनी गर्दीतून वाट काढली आणि ते पाहिले. मग माझ्याकडे वळले.

"हे काय होय गा, वासू?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आजवर या आळीत मी कधी 'मला माहीत नाही' असे म्हटले नव्हते. त्या क्षणी मात्र खोटा अर्थ लावण्याचे बळ माझ्यात नव्हते, आणि देवाची कृपा की नव्हते.

"मला माहीत नाही, मामा. पण उंदीर मेलेला नाही. वास याचाच आहे."

"कशावरून?"

"दाखवतो."

परसात एक जुनी मातीची नांद पालथी पडलेली होती. गणपतरावांच्या मदतीने मी ती उचलली आणि त्या वस्तूवर झाकली. कडेने ओली माती थापून सगळ्या फटी बुजवल्या. मग म्हणालो, "थांबा." घोडा फुरफुरला. हळूहळू, वाऱ्याच्या दोन-तीन झुळकांनी, परस स्वच्छ झाले. अळूचा वास आला, मामींच्या चुलीतल्या राखेचा आला. माश्या नांदेवर घिरट्या घालून कंटाळल्या. यमुताई दारात उभी होती. तिने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "गेला."

मी माती फोडून नांद उचलली. भपकारा असा आला की गणपतरावांनी शिवी हासडली.

"आता मले करू दे," मामा म्हणाले. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, नांद स्वतः झाकली, स्वतः माती लावली. पाट मागवून समोर बसले. कापडाचा गज दोनदा लावून पाहणारा तो माणूस, त्याने ती नांद पुन्हा पुन्हा झाकली आणि उघडली. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. ते उंदराचा हिशेब लावत नव्हते. ते बापूच्या त्या एका दिवसापुढे उभे होते, आणि तो दिवस पुन्हा आला होता, आणि या वेळी थांबायचे की निघायचे हे त्यांना एका नांदेवरून ठरवायचे होते. शेवटी त्यांनी नांद बाजूला ठेवली. घुमटाला हात लावला, झटकन मागे घेतला. मग, कुणी न सांगता, पुन्हा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"वासू," ते म्हणाले, "तुह्या भरवशावर थांबतो."

मग मान न वळवता, "गणपतराव, घोडा सोडा."

लिहायला हे एक वाक्य आहे. पण पुढचे कित्येक दिवस मी सकाळी डोळे उघडताच आधी वास घेई, मग घराचे कोपरे पाही, मग यमुताईचा चेहरा पाही. कुणी शिंकले तरी माझे काळीज हलत असे. विद्येबद्दल माणसे बरेच काही बोलतात, सभांतून मीही बोललो आहे. पण तिचे वजन किती असते, ते मला त्या दिवसांत कळले. मामांनी ते माझ्या खांद्यावर ठेवले होते आणि निवांत घोरत होते.

तिसऱ्या दिवसापर्यंत ते फूल कलंडले, विरघळल्यासारखे खाली बसले आणि वास संपला. वाळलेला एक तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला. त्यानंतरच्या आठवड्यात, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना, मधल्या कोरड्या खोलीत, बापूच्या खाटेपासून दोन हातांवर, यमुताईला मुलगी झाली. सुईण म्हणाली, पोट्टी पाहा कशी कोकलून राहिली. मामा दुकानातून भिजत आले आणि जोडे काढायला पुन्हा विसरले, पण या वेळी सरळ आत गेले. मुलीचे नाव इंदू ठेवले.

कॉलेज उघडले तेव्हा मी कागदाची पुडी घेऊन आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेलो. सर मितभाषी, नाकावर चष्मा, आवाज अगदी हळू. त्यांनी तुकडा उलटसुलट पाहिला आणि विचारले, "पान?"

"पान नाही, सर. नुसते फूलच होते."

"मग ते जेवते कशाने?"

ते म्हणाले, "एवढ्या फुलाला पुरणारा साठा कुठून तरी आला असणार. जागा उकरू नका. रोज पाहत जा. आणि मला येऊन सांगा." त्यांच्या मनात नाव आले होते, हे मला नंतर कळले. ते त्यांनी सांगितले नाही. आजही मी त्यांना मनोमन नमस्कार करतो तो त्या न सांगितलेल्या नावासाठी.

मी रोज पाहत गेलो. आषाढ लागला. एके सकाळी त्याच ठिकाणी मातीतून एक जाड कोंब वर आला, सापाच्या अंगासारखा ठिपकेदार. तो दिवसागणिक उंच झाला, आणि मग टोकाशी उघडला. एकच पान, पण केवढे! तिहेरी फाटलेले, पुन्हा पुन्हा फाटलेले, छत्रीसारखे चोहीकडे पसरलेले. यमुताई शेकून, काजळ घालून, इंदूला मांडीवर घेऊन दारात बसली होती. मामी न्हाणीतून आल्या. दुबाइन काकी कुंपणापाशी होत्या. मीही होतो. आणि आम्ही चौघेही, म्हणजे खरोखर एकाच दमात, म्हणालो:

"सुरण!"

काकींनी कपाळाला हात लावला. "हे राम, जिमीकंद! दरसाल दिवाळीले खाते मी याले! और मैंने इसको बेलपत्ता चढाया!"

यमुताई इतकी हसली की इंदू दचकून रडू लागली. "आणि गणपतराव याले मरीमाय म्हणून राहिले होते! थांबा, सांगते त्यायले."

सुरण कुणी पाहिले नव्हते? बाजारात तो मातीचा गोळा मी लहानपणापासून पाहत होतो. त्याची भाजी चिंच घालून खाल्ली होती. पान खाप्याला नदीकाठच्या मळ्यात पाहिले होते. फक्त फूल पाहिले नव्हते. सर नंतर म्हणाले त्याप्रमाणे, आपण कुणीच त्याला फुलेपर्यंत राहू देत नाही. कंद मोठा झाला की खणून काढतो. हे मात्र रानटी सुरण, कुणी न लावलेले, बहुधा पावसाच्या लोंढ्याबरोबर नाहीतर कुणाच्या खताच्या पाटीतून आलेले. गोवऱ्यांच्या आड वर्षानुवर्षे दर पावसाळ्यात एक पान काढून, ते वाळले की पुन्हा जमिनीत शांत पडून, त्याने आपला साठा वाढवला होता, आणि एका उन्हाळ्याच्या शेवटी तो सगळा त्या दोन संध्याकाळींसाठी खर्च केला होता. अंग तापवायचे ते वास दूर जावा म्हणून, आणि वास मेलेल्या मांसाचा, कारण त्याला बोलवायचे होते ते माश्यांना. आमच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते.

मी विचारले, "सर, तुम्ही ताजे फूल पाहिले आहे?"

"नाही," ते म्हणाले. "पुन्हा आले तर मला बोलवा."

दोन वर्षांनी आले. मी बोलवायला गेलो तेव्हा ते जेवायला बसत होते, तसेच उठले. मामांच्या परसात, तोच पाट मांडून, त्यांनी त्या घुमटाशी थर्मामीटर धरला, आकडा वाचला, पुन्हा धरला. मग थर्मामीटर खिशात ठेवला आणि तळहात ठेवला. तोवर इंदू चालायला लागली होती. ती त्यांच्या धोतराला धरून उभी होती आणि नाक मुरडत होती.

मामींनी त्या दिवाळीपासून सुरण सोडले. काशीला जाऊन आलेली माणसे एखादे फळ, एखादी भाजी सोडतात, तसे. त्या कुठे गेल्या नव्हत्या. विचारले तर म्हणत, "ज्यानं लेकरू घरात होऊ दिलं, त्याले कापून कशी खाऊ?" मी त्यांना सांगून पाहिले की खरे तर त्यानेच आपल्याला घराबाहेर काढायची वेळ आणली होती. त्या म्हणाल्या, "काढलं का? नाही ना? मग झालं." माझ्या पदवीचे पेढे त्यांनी आधी परसात नेऊन त्या जागेपाशी ठेवले, मग घरातल्यांना दिले. मामांनी मला हात फैलावून विचारले, "किती झाला आता पन्हा?" मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

मामा-मामी आज नाहीत, यमुताईही गेली. त्या परसातल्या कंदाचे एक पिल्लू मात्र मी जाईन तिथे बरोबर नेत आलो, आणि आता ते प्रताप नगरच्या या घरामागे आहे. यंदा रोहिणीत फूल आले. इंदू माझ्याकडे राहायला आलेली होती. तिचेही केस आता पांढरे आहेत. समोरच्या घरातली नवी सून, बँकेत नोकरी करणारी, संध्याकाळी नाकाला रुमाल लावून फाटकाशी आली. "काका, तुमच्याकडं उंदीर मेला वाटतं. खूप वास येऊन राहिला."

"उंदीर नाही, बेटा. ये, दाखवतो," मी म्हणालो.

मी काही समजावून सांगण्याच्या आधीच इंदूने त्या मुलीचा हात धरून घुमटावर ठेवला. मुलीने तो झटकन मागे घेतला, आमच्या दोघांकडे पाहिले, रुमाल खाली केला. मग, कुणी न सांगता, हात पुन्हा ठेवला.